टॉवेलाचं टोक

इस्त्रीमावशींना घरी बोलवायचं म्हणजे आधी घर आवरून ठेवावं लागतं, असं त्यांच्या सख्ख्या जावेचंच म्हणणं आहे. मावशी आल्या की खुर्चीत टेकायच्या आधी पलंगावरची चादर ओढून सरळ करतात, पडद्याच्या चुण्या लावतात, आणि चहा येईपर्यंत हात मोकळे कशाला म्हणून टेबलावरच्या हातरुमालाची अशी घडी घालतात, की पुढे आठवडाभर त्याला नाक पुसायची कोणाची छाती होत नाही.

"जाऊबाई, तुम्ही पाहुण्या आलात की तपासणीला?"

"अगं, मी गप्पच बसलेय. हे हात बसत नाहीत."

हे हात तयार झाले एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात. तिथे धुलाईखातं होतं. वाफ, साबणाचा उग्र वास आणि मशिनांची अशी घरघर, की शेजारच्या बाईला काही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागायचं. मावशींचा आवाज तिथला कमावलेला. घरात त्या नुसतं "मीठ द्या" म्हणाल्या तरी शेजारी दार उघडून बघतात. तळघराचा मुकादम मोठा खट होता. घडीतून टॉवेलाचं टोक जरा बाहेर डोकावलं, की "जीभ कोणी काढली रे बाहेर?" म्हणून ओरडायचा आणि लाथेसरशी अख्खी चळत जमिनीवर. मावशींची चळत त्याने सुरुवातीला पाडली. मग मावशींनी ठरवलं, की मेल्याला पुन्हा पाय उचलू द्यायचा नाही. आणि नाहीच उचलू दिला.

पुढे हॉटेलाने धुलाई बाहेर द्यायला सुरुवात केली, तळघराला टाळं लागलं, आणि मावशी घरी बसल्या. म्हणजे, बसल्या नाहीतच. नवरा शिंपी, पुढच्याच खोलीत त्याचं मशीन. बेतायला पसरून ठेवलेल्या कापडाच्या मावशी पाठ वळली की घड्या घालून ठेवायला लागल्या, तेव्हा शिंपीबुवांनी हात जोडले.

"अगं, कुठेतरी कामाला लाग. नाहीतर एक दिवस गिऱ्हाईक कपडा अंगात घालून बघत असेल आणि तू गिऱ्हाइकासकट घडी घालशील."

अशा रीतीने मावशी केंद्रात आल्या.

सायकलदुरुस्तीच्या दुकानामागे हे दुमजली केंद्र आहे. वरच्या मजल्यावर लहान मुलं येतात. कोणाला अक्षरं लागत नाहीत, कोणाला बोलणं फुटत नाही, कोणाला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तरी कान झाकून भिंतीला चिकटावं लागतं. खाली मोठी माणसं. त्यांचंही तेच, फक्त वयं वाढलेली आणि शाळा केव्हाच मागे पडलेली. ह्या मोठ्यांना रोज उठून जायला जागा हवी आणि करायला काम हवं, म्हणून खाली धुलाई काढलेली. आसपासचे दवाखाने, केशकर्तनालयं आपले टॉवेल पाठवायचे. इथली माणसं ते धुवायची, सुकवायची, घड्या घालून परत करायची.

केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई ह्या मावशींच्या अगदी उलट. अंगाने किडकिडीत, पायात मऊ बूट, आणि आवाज इतका हळू, की त्या बोलायला लागल्या की ऐकू यावं म्हणून बाकीच्यांना गप्प बसावं लागतं.

पहिल्या दिवशी मावशींनी आत पाय टाकला, टाळी वाजवली आणि तळघराच्या सवयीने आरोळी ठोकली, "चला चला, हात चालवा!"

झालं. दारासारखा रुंद एक माणूस, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, तोंडात मूठ घालून रडायला लागला. चिमणी नावाची बारकीशी मुलगी, मुलगी म्हणजे पंचविशीची, "हात चालवा, हात चालवा" म्हणत सुटली ती संध्याकाळी गाडीत बसेपर्यंत. आणि तिसरा एक होता, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेला, खिशाला पेन अडकवलेला, पस्तिशीचा.  त्याने धुतलेला एक टॉवेल उचलला, डोक्यावरून घेतला आणि टेबलाखाली जाऊन बसला.

"हे कोण?" मावशींनी विचारलं.

"हे साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि आता ते जेवायच्या सुट्टीपर्यंत बाहेर येणार नाहीत. मावशी, इथे एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. समोरच्याचं उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ त्याचा असतो. आपण तो भरायचा नाही."

"आणि तोवर मी काय करू?"

"काही नाही."

"ते मला येत नाही, बाई."

"मग तेच शिका."

मावशी शिकल्या. सोपं नव्हतं. सुरुवातीला तर एक वाक्य बोलून झाल्यावर त्या ओठ दाताखाली धरून ठेवायच्या. पण हळूहळू जमलं. टॉवेल अर्धा कर. थांबायचं. परत अर्धा कर. थांबायचं. टेबलावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या, कुठली कड कुठे न्यायची ते दिसावं म्हणून. पैलवानाला भरून आलं, की वाळवणीच्या मशिनातून नुकते निघालेले गरम टॉवेल त्याच्या मांडीवर ढिगाने ओतायचे, हा मावशींचाच शोध. तो त्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून बसायचा आणि थोड्या वेळाने म्हणायचा, "गेलं." काय गेलं, ते कोणी विचारायचं नाही. वरच्या मजल्यावरची एक चिमुरडी, जी दिवसभर डोकं भिंतीवर आपटायची, तिला मावशींनी धुलाईच्या मशिनाच्या गोल काचेसमोर बसवून बघितलं. ती फिरणाऱ्या टॉवेलांकडे टक लावून बघत राहिली आणि डोकं आपटायचं विसरली. दुसऱ्या दिवसापासून वरची दोन-तीन पोरं रोज खाली यायला लागली. मावशी त्यांना म्हणायच्या, "या, सिनेमा सुरू झालाय."

मावशी सगळ्यांना "माझी लेकरं" म्हणायच्या. मोठ्या बाईंना ते आवडायचं नाही. "साहेबांची दाढी पांढरी व्हायला लागलीये, मावशी. लेकरू कसलं?" मावशी हसून मान हलवायच्या, आणि मागल्या पानावरून पुढे चालू.

साहेब मावशींचा विशेष लाडका. कारण साहेबाला घडीचं वेड होतं. टॉवेल हातात आला की आधी तो गालाला लावून बघायचा, पूर्ण सुकलाय की नाही. मग पट्टीला पट्टी जुळवून, तळहाताने दाबत दाबत अशी घडी घालायचा, की मावशींना तळघर आठवावं. फक्त एक खोट होती. प्रत्येक टॉवेलाचं एक टोक तो बाहेर ठेवायचा. चुकून नव्हे, मुद्दाम. सगळी घडी झाली, की शेवटी ते टोक दोन बोटांत धरून जरासं बाहेर ओढायचा. मावशींनी एक वाक्य बोलून थांबून बघितलं, शंभर वाक्यं बोलून बघितली. "साहेब, टोक आत." साहेब मान हलवायचा. "टोक बाहेर." इतक्या शांतपणे, की वाद कसा घालायचा?

मग मावशी म्हणायच्या, "छान. छान झालंय हं." आणि चळत बाजूला ठेवायच्या.

संध्याकाळी गाडी सगळ्यांना घेऊन गेली, मोठ्या बाई वरच्या मजल्यावर आईबापांशी बोलत बसल्या, की मावशी मशिनं पुसायच्या, आणि मग साहेबाची चळत पुढ्यात ओढून एकेक टॉवेल मोडून पुन्हा घडी घालायच्या. टोकं आत. पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "झालेल्या कामाला मागून हात लावायचा नाही." मावशींनी तेव्हा हो म्हटलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर मुकादमाचा पाय यायचा. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं तर? टॉवेल यायचे बंद झाले, तर ह्या लेकरांनी दिवसभर करायचं काय? शिवाय साहेबाला कुठे कळतंय? त्याला "छान" मिळालं, गिऱ्हाइकाला सरळ घडी मिळाली. कोणाचं काय बिघडलं?

बरीच वर्षं कोणाचंच काही बिघडलं नाही.

मग मोठ्या बाईंच्या मनात आलं, की ही माणसं रोज राबतात, पण त्यांचं काम जातं कुठे ते त्यांनी बघितलंच नाही. गाडी टॉवेल पोचवायला जाते, तेव्हा पाळीपाळीने एकेकाला न्यायचं. पहिला मान साहेबाचा, सोबत मावशी. तिथे सगळी टोकं आत गेलेली दिसणार, हे मावशींना ठाऊक होतं. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

साहेब त्या दिवशी बूट चकचकीत करून आला. गिऱ्हाईक म्हणजे फिजिओथेरपीचा दवाखाना, गुडघे-कंबर धरलेल्या माणसांना व्यायाम देणारा. व्हरांड्यात लांब फळी आणि तिच्यावर टॉवेलांच्या चळती. साहेब फळीपाशी गेला. एका चळतीवरून वरून खाली बोट फिरवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. पुन्हा पहिल्या.

"माझे कुठे?"

"हेच की रे, राजा."

"नाही. टोक नाही." त्याने एक टॉवेल उपसला, उलगडला, गालाला लावला. दुसरा उपसला. "माझे नाहीत. माझे कुठे?"

दवाखान्यातली मदतनीस बाई उठून आली. "अहो, काय चाललंय? सगळे खाली पाडाल."

मावशींच्या तोंडून निघून गेलं, "तुझे वर ठेवलेत. वरच्या खोलीत."

"वर जाऊ."

"वर... वर कुलूप आहे आज."

साहेबाने जिन्याकडे बघितलं. मग मान हलवली, उपसलेल्या टॉवेलांची घडी घालून ते परत फळीवर ठेवले, टोकं बाहेर काढून, आणि गाडीत जाऊन बसला. त्याने आकांत केला असता, टेबलाखाली शिरला असता तर मावशींना बरं वाटलं असतं. पण त्याने विश्वास ठेवला. मावशी खोटं बोलतील हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एप्रन चढवला आणि विचारलं, "कुलूप उघडलं?"

"नाही रे अजून."

तिसऱ्या दिवशी तेच. ते चिमणीने उचललं. "कुलूप उघडलं का? कुलूप उघडलं का?" दिवसभर चिवचिव. पैलवान काळजीत पडला, कोण अडकलंय आत म्हणून. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, कसलं कुलूप? मी किल्लीवाला आणू का?" मावशी त्याच्यावर खेकसल्या, "तू तुझी गाडी बघ!"

आणि एवढं होऊनही संध्याकाळी त्यांचे हात चळतीकडे गेलेच. हात काही ऐकत नाहीत, हे त्या स्वतःच सांगायच्या.

अशाच एका संध्याकाळी साहेब टोपी विसरला. त्याची मोठी बहीण, मेडिकलच्या दुकानात कामाला असते ती, त्याला चालत परत घेऊन आली. दार उघडंच होतं. मावशींच्या एका बाजूला टोकं बाहेर असलेली चळत, दुसऱ्या बाजूला टोकं आत गेलेली, आणि मध्ये त्यांच्या हातात मोडलेला टॉवेल.

साहेब दारात उभा राहिला. बराच वेळ. त्याच्या डोक्यात गोष्टी पोचायला वेळ लागायचा. मावशींना तो वेळ आता चांगला ठाऊक होता. त्या थांबल्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आणि गोष्ट पोचली, ती त्यांना त्याच्या चेहऱ्यावर पोचताना दिसली.

"साहेब, हे बघ, मी नुसतं..."

साहेब पुढे आला. न मोडलेल्या चळतीतला सगळ्यात वरचा टॉवेल त्याने उचलला, टोक दुमडणार नाही असा काखेत धरला. खुंटीवरची टोपी घेतली, घातली आणि निघून गेला. बहीण बिचारी "अरे, तो टॉवेल गिऱ्हाइकाचा आहे" म्हणत मागे धावली.

दुसऱ्या दिवसापासून साहेबाचं काम बंद. केंद्रात यायचा, खुर्चीवर बसायचा, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. काखेत तो टॉवेल. समोर धुतलेल्या टॉवेलांचा डोंगर झाला तरी हात बाहेर काढायचा नाही. जेवायलासुद्धा एकच हात काढायचा आणि जेवून झालं की परत खाली. मावशींनी एक वाक्य बोलून बघितलं. "साहेब, माझं चुकलं." थांबल्या. तासभर थांबल्या. उत्तर आलं नाही. बिस्किट पुढे केलं, त्याने तोंड फिरवलं. गरम टॉवेल मांडीवर ठेवायला गेल्या, तर त्याने खुर्चीच भिंतीकडे वळवली. चिमणीने मात्र मावशींचं वाक्य धरलं, "माझं चुकलं, माझं चुकलं." मावशींना ते दिवसभर ऐकावं लागलं.

मोठ्या बाईंनी खाली सगळ्यांसमोर नव्हे, वर बोलावून विचारलं. मावशींनी सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मावशींना सवयीचं तरी वाटलं असतं.

"रोज त्याला छान म्हणत होतात."

"हो."

"आणि रोज मोडत होतात."

"गिऱ्हाइकासाठी हो, बाई. काम गेलं असतं तर..."

"गिऱ्हाइकाला विचारलंत कधी?"

मावशींनी नव्हतं विचारलं.

"हात खाली घालून बसलेला माणूस किती दिवस यायचं म्हणेल?" बाई म्हणाल्या. "घरी बसला तर तो पुन्हा बाहेर पडणार नाही. त्याची बहीण कामावर कशी जाणार? मावशी, ह्यात मी काही करू शकत नाही. त्याने मोडलेलं बघितलं ते तुमच्या हातात; आता सावरायचं तेही तुम्हीच."

घरी गेल्यावर मावशींनी शिंपीबुवांच्या समोर बसकण मारली. कापड पसरलेलं होतं आणि त्यांचे हात हललेसुद्धा नाहीत. शिंपीबुवांनी मशीन थांबवलं. "काय गं, बरं नाही का? घडी घाल हवं तर. ह्या वेळी काही म्हणणार नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. शिंपीबुवांनी सुई उशीत खोचली. "आमच्या उस्तादांना माझी शिवण पसंत पडली नाही, की ते माझ्यासमोर उसवायचे. डोळ्यात पाणी यायचं. पण समोर उसवायचे. मी घरी गेल्यावर गुपचूप उसवून सकाळी वाहवा केली असती ना, तर मी शिंपीच झालो नसतो."

"हे मला आधी सांगायचं होतंत."

"तू विचारलंस कधी? तू माझं कापड घडी घालण्यात गुंतलेली."

सकाळी मावशी केंद्रात जायच्या आधी दोन ठिकाणी गेल्या. आधी दवाखान्यात. मदतनीस बाई नुकतीच आली होती. मावशी म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. आमच्या टॉवेलाच्या घडीतून टोक बाहेर राहिलं तर चालेल का तुम्हाला?"

"कसली घडी?"

"टॉवेलाची हो."

मदतनीस बाईने मावशींकडे बघितलं, फळीवरची एक चळत दोन्ही हातांनी उचलली आणि जवळच्या टोपलीत धाडकन उलटी केली. घड्या गेल्या कुठच्या कुठे. मग त्यातला एक ओढून त्याची वळकटी केली आणि बाकावर निजलेल्या आजोबांच्या गुडघ्याखाली सारली. "हे असं करते मी रोज. घडीकडे बघायला वेळ कोणाला आहे, मावशी? तुम्ही गोळे करून पाठवलेत तरी चालतील."

मावशी त्या टोपलीकडे बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी त्या टोपलीत गेल्या होत्या. आजोबा निजल्या निजल्या म्हणाले, "मऊ असतात हो मात्र." तेवढ्यावर समाधान मानून त्या बाहेर पडल्या. चालता चालता त्यांना हसू आलं आणि मग हसू गेलं. म्हणजे ह्या जगात त्या घडीचं कौतुक असलेली दोनच माणसं होती. एक त्या स्वतः, आणि दुसरा हात मांडीखाली घालून बसला होता.

मग मेडिकलच्या दुकानात. बहीण गोळ्यांची पाकिटं लावत होती. तिने मावशींवर राग धरला नव्हता. थकली होती नुसती. "काल म्हणाला, उद्या नाही जायचं. आज कसाबसा पाठवलाय. तो टॉवेल उशाशी घेऊन झोपतो. मला हात लावू देत नाही."

"त्या टोकाचं काय आहे गं? एवढा का हट्ट?"

बहीण थांबली. "आई होती ना, तेव्हा कपडे वाळले की ती आणि तो घड्या घालायचे. त्याला बाकी काही जमायचं नाही तेव्हा. आई म्हणायची, तू टोक धर. तो टोक धरायचा आणि आई घडी घालत घालत त्याच्यापर्यंत यायची. शेवटी त्याच्या बोटांत टोक राहायचं, बाहेर. आई गेल्यावर तो एकटा घालायला लागला. आमच्या कपाटात सगळ्या कपड्यांची टोकं बाहेर आहेत, मावशी. माझा कामाचा कोट घालते ना, तोसुद्धा."

मावशी तशाच केंद्राकडे निघाल्या. 

केंद्रात आल्या, तेव्हा साहेब भिंतीकडे तोंड करून बसलेला. मावशींनी टॉवेलांचा ढीग टेबलावर ओतला आणि त्याच्याच शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्याच्याकडे न बघता कामाला लागल्या. पट्टीला पट्टी, अर्धा, परत अर्धा, आणि शेवटी टोक बाहेर काढायचं. पण हातांना तळघराची सवय. टोक बाहेर काढलं की दुसऱ्या हाताचा अंगठा आपोआप येऊन ते आत सारायचा. काढलं, सारलं. काढलं, सारलं. "अगं, थांब ना मेले," त्या आपल्याच अंगठ्याला म्हणाल्या. चिमणी फिसकन हसली. कसंबसं एक टोक बाहेर राहिलं ते असं, की सगळी घडीच तिरकी झाली. दुसऱ्या टॉवेलाची दोन टोकं बाहेर आली. तिसऱ्याची चारही. मुकादमाने बघितलं असतं तर लाथ मारायच्या आधी खाली बसून रडला असता.

साहेबाची खुर्ची जराशी वळली.

मावशी घालतच राहिल्या. बघितलं नाही, बोलल्या नाहीत. वेळ त्याचा होता.

खुर्ची आणखी वळली. मग काखेतला टॉवेल टेबलावर आला. इतके दिवस उराशी बाळगूनही घडी जशीच्या तशी, टोक बाहेर. साहेबाने तो मावशींच्या चळतीशेजारी ठेवला आणि बोटाने आधी आपला दाखवला, मग त्यांचा.

"हो," मावशी म्हणाल्या. "तुमचा बघून करते."

त्यांनी बघून केला. तरी तिरकाच झाला. साहेबाने एक मोठा उसासा टाकला, अगदी मावशी टाकायच्या तसा. दुसरा हात मांडीखालून बाहेर काढला. मावशींची घडी उचलली, नीट न्याहाळली, वरून थोपटली आणि म्हणाला, "छान. छान झालंय हं."

आणि मोडली.

 समोर बसून, त्यांच्या देखत, साहेबाने टॉवेल झटकला, गालाला लावला आणि आपली घडी घातली. मग दुसरा उचलला. थोपटला. "छान झालंय हं." मोडला. मग तिसरा. पैलवान जवळ येऊन बघायला लागला. चिमणीसुद्धा गप्प झाली. मावशींना हसू फुटत होतं आणि डोळे भरून येत होते, दोन्ही एकाच वेळी, आणि हे असलं काही तोंडावर कसं ठेवायचं ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी सगळी चळत मोडू दिली. "घाला, साहेब," एवढंच म्हणाल्या. "तुमच्या समोर आहे मी."

शेवटचा टॉवेल राहिला. साहेबाने तो उलगडला, एक टोक दोन बोटांत घेतलं आणि जरा विचार करून ते मावशींच्या पुढे धरलं.

"धर."

मावशींनी धरलं. तो टेबलाच्या पलीकडे गेला, कड उचलली, अर्धा केला, परत अर्धा केला, दाबत दाबत, घडी घालत घालत त्यांच्यापर्यंत आला. शेवटी सगळा टॉवेल झाला आणि टोक तेवढं मावशींच्या बोटांत राहिलं. ते आत जाणार कसं? धरलेलं होतं ना.

"आता सोड," साहेब म्हणाला.

संध्याकाळी गाडी माणसांना सोडायला गेली. जाताना साहेबाने दारातून एकदा आपल्या चळतीकडे बघितलं, मग मावशींकडे. बराच वेळ. मावशी खुर्चीवर बसल्या होत्या, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. त्याने मान हलवली आणि गेला.

माणसांना सोडून ड्रायव्हर टॉवेल न्यायला परत आला, तेव्हाही त्या तशाच बसल्या होत्या. "मावशी, हात दुखावला का?"

"हात लावू नकोस चळतीला. अशीच उचल. टोकं बाहेर राहू देत."

"मग तुम्ही बसलात का अशा?"

"तू उचलून नेईपर्यंत बसावं लागतं रे," मावशी म्हणाल्या. "आटप लवकर. हातांना मुंग्या आल्या माझ्या."